तुकडा घ्यायला या

निवृत्त झाल्यानंतर मेश्राम साहेबांनी कुणालाही अख्खी भेटवस्तू दिली नाही. त्यांच्या हातची लाकडी वस्तू घरी आली, की ती हमखास एका तुकड्याने कमी निघायची. मोराला भरगच्च पिसारा असायचा, चोच नसायची. आगगाडीला सगळे डबे असायचे, इंजिनाचं धुराडं नसायचं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी साठीला बुद्धिबळाचा डाव करून दिला, त्यात पांढरा वजीर नव्हता. सेक्रेटरी काही दिवस वजिराच्या जागी बाटलीचं झाकण ठेवून खेळले आणि मग मुकाट्याने मेश्राम साहेबांची बेल वाजवायला गेले.

कारण तुकडा हरवलेला नसायचा. तो साहेबांच्या घरी, बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात सुखरूप असायचा. "आणून देत नाही बाप्पा आपण," ते हसत सांगायचे, "घ्यायले यावं लागते." लोक जायचे. आधी चहा, मग चिवडा, मग इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि उठता उठता तो तुकडा तळहातावर. एकदा गेलेला माणूस पुढे तुकड्याविनाही जायला लागायचा. सोसायटीतली निम्मी माणसं एकमेकांना ओळखायला लागली ती त्यांच्या त्या दिवाणखान्यात.

मी मात्र जाणार नव्हतो. मी जगताप. जन्म पुण्यातला आणि नोकरी बँकेतली, म्हणजे दोन्हीकडून वाया गेलेला माणूस. हयातभर काउंटरच्या आत बसून लोकांना "उद्या या" म्हणत आलो. दुसरं कुणी मला "या" म्हणतंय आणि मी चपला घालून निघालोय, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, उभी नोकरी धरणांवर काढली. शेवटची बदली पुण्याला झाली तेव्हा धायरीत फ्लॅट घेतला, नेमका आमच्या खालचा. पत्नी गेल्या होत्या, मुलगी हैदराबादला. उंच, सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशाला कायम पेन्सिल आणि भुवयांवर कायम भुसा. दिवाणखान्यात बुद्धाची एक छोटी मूर्ती, आणि गॅलरीत त्यांचं ते मशीन. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. लांबून शिलाई मशीन वाटतं. सुईच्या जागी करवतीचं एक बारीक पातं वरखाली नाचत असतं आणि आपण लाकूड हातानं फिरवत फिरवत हवा तो आकार कापून घ्यायचा. निवृत्त माणसाला यात काय गोडी वाटावी, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता मला गोडी आहे, पण कापता अजूनही येत नाही.

आमच्या नातीचं, सईचं बारसं होतं. साहेब वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. उघडलं तर सागवानाचा हत्ती, जाड फळीतून कापलेला, पाय, सोंड, पोट, शेपूट सगळे तुकडे एकमेकांत अडकवायचे. काम इतकं सुबक, की आमची ही पाहुण्यांना सोडून त्यावरून हात फिरवत बसली. फक्त हत्तीला कान नव्हता. कानाच्या जागी आरपार भोक.

"दुकानदारानं फसवलं वाटतं तुम्हाला," मी म्हणालो.

"दुकान कुठलं! आपणच केला. कान आहे ना खाली, डब्यात. घ्यायले या."

"अहो, मग येताना खिशात टाकून आणायचा ना. दोनच तर जिने."

"दोनच जिने आहेत, म्हणून तर म्हणतो, या."

पुणेकराला उत्तर सुचत नाही तेव्हा तो जन्माचा दुखावतो. मी मनाशी ठरवून टाकलं, हत्ती बहिरा राहिला तरी चालेल, मी कान मागायला जाणार नाही.

सई रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. बोलायला लागल्यावर तिचा पहिला लांबलचक प्रश्न हाच, "आबा, हत्तीचा कान कुठाय?" मी म्हणायचो, "खाली." ती म्हणायची, "मग आण ना." एवढ्याशा पोरीला स्वाभिमान वगैरे कसा समजवायचा? शैला म्हणजे माझी बायको. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, मी आणते जाऊन." मी तिला शपथ घातली. ती म्हणाली, "कानासाठी शपथ! घरातली दुसरी कामं सांगितली की कशी ऐकू येत नाहीत हो?"

शेवटी मी तोडगा काढला. दोन जिने उतरायला लागू नयेत म्हणून मी स्क्रोल सॉ विकत घेतला. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय आणि एकालाही ते एका दमात पटलेलं नाही. खोकं घरी आलं तेव्हा शैलानं ते चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या पैशात खरा हत्ती आला असता, दोन्ही कानांसकट."

बेत सोपा होता. भोकावर कागद ठेवायचा, पेन्सिलीनं आकार उमटवायचा, लाकडावर चिकटवून कापायचा. पहिला कान रेघेच्या आतून कापला गेला. तो भोकात घातला की पलीकडून खाली पडायचा. दुसरा मी सावधपणे मोठा ठेवला, तो बसेचना. तिसरा अगदी नेमका झाला, पण शेवटच्या वळणावर त्याचं टोकच उडालं. शैला म्हणाली, "हत्तीला कान हवाय, भाकरी नकोय. आणि ते मशीन एवढं ओरडतंय का?" मशीन ओरडत तर होतंच, शिवाय लाकूड माझ्या हातातून उड्या मारत होतं. मला वाटलं, या यंत्राचा स्वभावच तसा असेल.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेश्राम साहेब.

"जगताप साहेब, माफ करा. खालून आवाज ऐकून राहिलो सकाळपासून. राहवलं नाही." ते सरळ मशीनपाशी गेले, चष्मा वर केला. "पातं उलटं लावलं बाप्पा तुम्ही. दात खाली पाहिजेत. तुमचे आकाशाकडे पाहून राहिले. मंग लाकूड नाचणार नाही तर काय?"

मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे माझे तिन्ही कान ओळीनं पडलेले. झाकायला वेळच मिळाला नव्हता. साहेबांनी एकेक उचलून पाहिला, हळुवार खाली ठेवला, आणि हसले नाहीत. ते हसले असते तर परवडलं असतं.

"खरा डब्यात आहे," ते म्हणाले. "मागा, देतो."

"मागतोय कोण?" मी म्हणालो. "कानाचा काय संबंध? मी माझा छंद जोपासतोय."

"असं? मंग उद्यापासून खाली या. छंद एकट्यानं होत नाही."

अशा रीतीनं मी तोंडातून गेलेल्या एका थापेपायी कलावंत झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दोन जिने उतरलो. कान मागायला नाही, शिकायला, हे मी शैलाला दारातून पुन्हा एकदा बजावलं. तिनं "हो हो" म्हणून दार लावून घेतलं.

पुढची काही वर्षं माझी सकाळ त्यांच्या गॅलरीत गेली. साहेबांचे शिकवण्याचे मंत्र दोनच. पहिला, "लाकडाले ढकलू नका." मी ढकलायचो. काउंटरवरची गर्दी हटवायची सवय हातात मुरलेली. पातं वाकायचं आणि टक्कन तुटायचं. "घाई काहून करून राहिले?" साहेब विचारायचे. "पेन्शन तर एक तारखेलाच येते." दुसरा मंत्र, "आधी आतलं, मंग बाहेरचं." म्हणजे घुबड कापायचं तर आधी डोळ्यांची भोकं पाडायची, मग बाहेरची रेघ. बाहेरची आधी कापली, तर एवढंसं घुबड हातात उरतं आणि धरायला जागाच राहत नाही. मी अर्थातच आधी अख्खं घुबड सुटं केलं आणि मग डोळे कापायला गेलो. डोळ्यांऐवजी माझ्या बोटाची साल निघाली. साहेबांनी हळद आणली, पट्टी बांधली आणि म्हणाले, "भिंती पाडल्या आणि आता खिडक्या काढून राहिले तुम्ही."

तरीही माझी निर्मिती चालू राहिली आणि तिची झळ नातेवाइकांना बसली. दिवाळीला मी सगळ्यांना किल्ल्या अडकवायच्या पाट्या वाटल्या. मेहुण्यांच्या घरी गेलो, तर माझी पाटी खिडकीचं दार आपटू नये म्हणून मध्ये खोचलेली. मुलाच्या सासऱ्यांना त्यांच्या नावाची पाटी करून दिली. अक्षरं बरी आली होती, पण नंतर डिंकानं चिकटवलेली टिंबं आणि वेलांट्या पावसाळ्यात एकेक करून गळून पडल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही, फक्त पोस्टमन दुसऱ्यांची पत्रं त्यांच्याकडे टाकायला लागला. बहीण तर फोनवर आधीच सांगायची, "दादा, यायचं तर ये, पण काही करून आणू नकोस हं!" साहेबांना मी हे सगळं सांगायचो. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे आणि भुसा पुसत म्हणायचे, "वाया जात नाही काही. त्यांच्या घरी तुमचं काही तरी आहे ना."

हत्तीचा कान त्या डब्यातच होता. मी रोज तो पाहायचो. साहेबांनी पुन्हा कधी "मागा" म्हटलं नाही आणि मीही मागितला नाही. सुरुवातीला मानाचा प्रश्न होता. नंतर नंतर मला भीती वाटायला लागली, की कान घेतला तर खाली यायला निमित्त काय उरेल? सईही विचारायची थांबली. तिच्या दृष्टीनं हत्ती तसाच असतो, एककानी.

त्याच डब्यात आणखी एक तुकडा होता, रुमालात गुंडाळून वेगळा ठेवलेला. एकदा मी तो उघडला. पँट दुमडलेला, पुढे वाकून सायकल हाणणारा पोरगा, बोटाएवढा. बाकी सायकल नव्हती.

"हा कुणाचा?"

साहेबांनी मशीन बंद केलं. "आपल्या भावाचा. प्रकाशचा. लोणी काळभोरले राहते. तिकडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा."

"लोणीला सख्खा भाऊ? कधी बोलला नाहीत!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोघा भावांत मिळून एक सायकल होती. हे पुढे, प्रकाश मागे कॅरिअरवर, असे शाळेत जायचे. पुढे हे धरणावर लागले, धाकटा गावी आईजवळ राहिला. एका पावसाळ्यात आई अत्यवस्थ झाली. निरोप आला तेव्हा धरण तुडुंब होतं, दरवाजे उघडायचे होते, खालच्या गावांना हलवायचं होतं. साहेब जागा सोडू शकले नाहीत. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. धाकट्यानं दारातच सांगितलं, "तुला आईपेक्षा धरण मोठं." त्यानंतर भाऊ बोलला नाही, लोणीला नोकरी धरून निघून आला. त्याला नातू झाला तेव्हा साहेबांनी सायकलवरच्या दोन पोरांचं चित्र कापून कुरिअरनं पाठवलं, पुढचा पोरगा मागे ठेवून. म्हणजे लोणीच्या घरात एक सायकल होती, तिच्या कॅरिअरवर एक मुलगा बसलेला होता आणि चालवणारा कुणी नव्हता.

"अहो, मग तुम्हीच जा की," मी म्हणालो. हा सल्ला मी देतोय याची मला लाजही वाटली नाही.

"गेलो ना बाप्पा. दोनदा गेलो. दार उघडलं, पाणी दिलं, अन् म्हणाला, 'बसा.'" साहेबांनी हातावरचा भुसा झटकला. "'बसा' म्हणते मले. ज्याले मागे बसवून मी पाच मैल सायकल हाणली तो. 'बस' नाही म्हणाला, जगताप साहेब. मी चहा घेऊन उठून आलो. आता त्याच्या मनानं यावं त्यानं. मी वेळेवर पोचलो नाही एकदा, ते मले माहीत आहे. म्हणून तर सगळ्यायले म्हणतो, या. येणं काय असते, ते न पोचलेल्याले विचारा."

लोकांना घरी बोलवायची ही त्यांची गंमत मी इतके दिवस एकट्या माणसाचा टाइमपास समजत होतो.

मग साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, बायपास ठरली. मुलगी हैदराबादहून यायची होती, आल्यावर ॲडमिट व्हायचं. साहेब शांत होते, पण मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं आणि रुमालातला तुकडा डब्याबाहेर काढून बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला होता.

"ऑपरेशनच्या आधी एकदा आला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"मी आत्ता फोन करतो."

"नाही!" त्यांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "आजाराचं सांगायचं नाही. दया येऊन आलेला भाऊ मले नको. अन् तुकडाही न्यायचा नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. दिल्यावर कळलं, की आता हातात काहीच उरलं नाही. आजार सांगायचा नाही, तुकडा न्यायचा नाही, मग लोणीला जाऊन काय सांगू, हवा छान आहे?

आणि मग मला माझी एकमेव कला आठवली. न बसणारा तुकडा कापण्यात माझा हात धरणारा अख्ख्या धायरीत कुणी नव्हता.

सायकलच्या चित्राचा मूळ कागद साहेबांच्या फायलीत होता. तो मी "बघायला नेतो" म्हणून वर आणला, कोपऱ्यावर झेरॉक्स काढली आणि पुढचा पोरगा कापायला घेतला. एकच अडचण झाली. मुद्दाम वाईट कापायला लागलो तर मला तेही जमेना. मग नेहमीसारखा मन लावून, जीव ओतून कापला, तेव्हा तो हवा तसा बिघडला. एक पाय जाड, डोकं बटाट्याएवढं.

धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून लोणीची बस. वाटेत दोनदा वाटलं, उतरून परत जावं. प्राध्यापक मेश्राम घरीच होते. साहेबांचाच चेहरा, पण इस्त्री केलेला. भाषा आमच्या पुण्याची, स्वच्छ.

"बसा," ते म्हणाले.

मी सांगितलं, मी तुमच्या भावाचा शेजारी, तुमच्या चित्राचा राहिलेला तुकडा आणलाय. ते उठले. मग आत गेले आणि सायकल घेऊन आले. फेकली नव्हती! कपाटावर ठेवलेली असणार, पण धूळ नव्हती. कॅरिअरवरचा मुलगा समोरच्या भोकाला धरून बसल्यासारखा दिसत होता. प्राध्यापकांनी माझा तुकडा घेतला आणि बसवायला लागले. सरळ, उलटा, तिरपा. नखानं दाबला.

"हा बसत नाही."

"जरा घासून बघा."

"घासून काय होणार? याचा पाय बघा, डोकं बघा. हे दादाचं काम नाही."

"नाही. माझं आहे."

"दिसतंय," ते म्हणाले. एरवी असल्या शब्दावर मी महिनाभर खार खाल्ला असता. त्या दिवशी मला आनंद झाला, कारण मधे त्यांच्या तोंडून "दादा" गेलं होतं आणि ते त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"खरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"धायरीला. पण तो मिळणार नाही. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केलाय. घ्यायलाच जावं लागतं. मी स्वतः एका हत्तीच्या कानापायी गेली काही वर्षं रोज जातोय."

ते हसले नाहीत. तुकडा पुन्हा भोकाशी धरून पाहिला. मग एकदम विचारलं, "तो बरा आहे ना?"

"सर्व्हर बंद आहे" हे वाक्य मी चालू सर्व्हरसमोर उभं राहून म्हटलेलं आहे. थाप मारायला मला कधी कष्ट पडले नाहीत. पण त्या दिवशी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. सांगितलं तर साहेबांना दिलेला शब्द मोडतो, "बरे आहेत" म्हटलं तर हा माणूस निवांत राहतो आणि उशीर होतो, पुन्हा एकदा तसाच. शेवटी मी म्हणालो, "चहा छान झालाय." चहा अजून आलाच नव्हता.

मी उठलो, नमस्कार केला आणि बस पकडली. माझा तुकडा तिथेच विसरला. घरी आल्यावर शैलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काहीच न सांगता सगळं सांगून आलात. जाऊ दे. पहिल्यांदाच तुमच्या हातून काही बरं झालं असेल, तर होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांकडेच बसलो होतो. बेल वाजली. साहेबांनी दार उघडलं. बाहेर प्राध्यापक, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली सायकल. दोघंही उंच, दोघंही दाराच्या चौकटीत अडकल्यासारखे उभे. साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या. बसा."

आणि तो स्वच्छ पुणेरी बोलणारा माणूस भंडाऱ्याच्या बोलीत एकदम फुटला. "काहून दादा? मले 'बसा' म्हणते? मले?"

मी उठून जायला हवं होतं. पण वाट त्या दोघांनी अडवलेली, त्यामुळे मी गॅलरीत जाऊन मशीनकडे तोंड करून उभा राहिलो. ऐकू येतच होतं. प्राध्यापक म्हणत होते, "धरणाचा राग नव्हता दादा. आई शेवटी माझा हात धरून तुझं नाव घेत होती. मी तिथे होतो अन् ती तुले हाका मारत होती. त्याचा राग होता. अन् तो सांगायचा कोणाले?" साहेब काय म्हणाले ते कळलं नाही. बऱ्याच वेळानं लाकडात लाकूड बसल्याचा बारीकसा आवाज आला. साहेबांचा तुकडा बसताना तो आवाज यायचाच. माझा कधी आला नाही.

पुढचं सगळं नीट झालं. ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून भाऊ त्यांना परस्पर लोणीला घेऊन गेला. थोडे दिवस म्हणून गेले ते तिथलेच झाले. मशीनही गेलं, डबाही गेला. मी अधूनमधून जायचो. दोघं अंगणात बसून भांडत असायचे, धाकटा रसायनशास्त्रातून डिंक सुचवायचा, थोरला तो नाकारायचा. इकडे मीही आता भेट देताना एक तुकडा मागे ठेवतो. लोक घ्यायला येतात, तुकडा बसत नाही, म्हणून त्यांना पुन्हा यावं लागतं. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे मले सुचलं नव्हतं बाप्पा."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साहेब झोपेतच गेले. मी गेलो होतो. पोचलो वेळेवर. मशीनवर कापड टाकलेलं होतं आणि प्राध्यापक त्याच्याशेजारी बसून होते. घरी आलो आणि गॅलरीत बसून लहान पोरासारखा रडलो. शैलानं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

नंतर काही आठवड्यांनी प्राध्यापकांचा फोन आला. "जगताप साहेब, डबा आवरतोय. सगळ्यांचे तुकडे गेलेत. तुमचा एक कान राहिलाय."

"कुरिअर करता का?" मी विचारलं.

पलीकडे ते खाकरले. मग, "दादा सांगून गेलाय. पाठवायचा नाही. घ्यायला या."

मी गेलो. चहा झाला, चिवडा झाला, साहेबांच्या आठवणी निघाल्या, दोघांनी एकेकदा डोळे पुसले. मग त्यांनी डबा पुढे केला. रिकाम्या डब्यात तो एकटा कान. रोज डबा उघडताना बोटं लागून लागून गुळगुळीत झालेला. मी तो तळहातावर घेतला, पाहिला आणि परत डब्यात ठेवला.

"राहू द्या," मी म्हणालो. "पुढच्या वेळी नेतो."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"रविवारी."

प्राध्यापकांनी डब्याला झाकण लावलं.

घरी आलो. शैलानं दार उघडलं, सई तिच्या मागे. सई आता चौथीत आहे.

"आणलात कान?" शैलानं विचारलं.

"नाही."

"मग एवढं लोणीपर्यंत गेला होतात कशाला?"

"घ्यायला," मी म्हणालो आणि चपला काढल्या.

शैलानं त्या भिंतीशी सरकवल्या. मग आत वळत म्हणाली, "सई, हत्ती जरा पुसून ठेव गं. आणि अहो, रविवारी जाल तेव्हा मलाही न्या."